चकचकबाईंच्या बारा स्क्रीन

मी फारसं लिहीत नाही. चाळीस वर्षं कचेरीत पत्रं टाइप केली, पण ती सगळी दुसऱ्यांची. खाली सहीसुद्धा दुसऱ्याची. त्यामुळे हे कितपत जमेल, कोण जाणे. पण गेल्या शुक्रवारी माझ्या धाकट्या बहिणीने जे केलं ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. तोंडाने सांगायला गेलो तर मी मधेच अडखळतो आणि ऐकणारा घड्याळाकडे बघायला लागतो. कागदाची ती भीती नाही.

माझी बहीण चौसष्ट वर्षांची आहे, माझ्याहून सात वर्षांनी लहान. आमच्याच इमारतीत, माझ्या दोन मजले वर, मुलाकडे आणि सुनेकडे राहते. उंची बेताची, चालणं तुरुतुरु. नऊ बोटांची नखं अगदी बारीक कापलेली आणि उजव्या अंगठ्याचं एकच वाढवलेलं. नवीन माणसाला ते विचित्र वाटतं. पण सुताराला पटाशी तसं तिला ते नख.

त्या नखाची गोष्ट अशी. ती एकोणीस वर्षांची असताना मला कचेरीच्या ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. एकट्याने कॅमेऱ्यासमोर बसायचा मला धीर होत नव्हता, म्हणून हिला सोबत नेलं. स्टुडिओचे मालक एका मोठ्या फोटोवर पारदर्शक फिल्म चिकटवायच्या खटपटीत होते. फिल्मच्या मागचा कागद काही केल्या सुटत नव्हता. कात्रीचं टोक झालं, दात झाले, देवाचं नाव घेऊन झालं. हिने न विचारता ती फिल्म हातात घेतली, कोपऱ्यावर नख फिरवलं आणि सर्रकन कागद वेगळा केला. मालक आधी फिल्मकडे आणि मग तिच्याकडे बघत राहिले. म्हणाले, "उद्यापासून येशील का?"

माझा फोटो त्या दिवशी राहिलाच. ती मात्र दुसऱ्या दिवसापासून गेली ती त्रेचाळीस वर्षं जात राहिली.

स्टुडिओच्या मागच्या खोलीत तिचं टेबल होतं. फोटो छापून आला की त्यावर फिल्म चढवायची, रबरी रूळ फिरवायचा, कडा कापायच्या. फिल्म दोन तऱ्हांची असे. एक ग्लॉसी, म्हणजे चकचकीत. दुसरी मॅट, म्हणजे जिच्यावर उजेड पडला तरी ती चमकत नाही. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत ही आतून ओरडायची, "चकचक करा, रंग उठून दिसतात!" म्हणून स्टुडिओत तिचं नाव पडलं चकचकबाई. पुढे तिच्या घरीही तेच चालू झालं. तिचे यजमान बसडेपोत होते. गरीब माणूस. तेसुद्धा हाक मारायचे, "चकचकबाई, चहा होईल का?"

एका बाबतीत मात्र तिने कधी कोणाला चकचकीत करू दिलं नाही. गेलेल्या माणसाचा फोटो ती मॅटच करायची. एकदा मी कारण विचारलं तर म्हणाली, "दादा, असल्या फोटोसमोर माणूस उभा राहतो तो गेलेल्याला बघायला. चकचकीत केला तर त्यात स्वतःचंच रडवेलं तोंड दिसतं. ते कशाला?" माझी पत्नी गेली तेव्हा फोटो कसा करायचा हे तिने मला विचारलंसुद्धा नाही. करून आणून भिंतीला लावला. त्यात मला आजवर फक्त पत्नीच दिसली आहे.

दोन वर्षांपूर्वी स्टुडिओ बंद झाला. लोक फोटो फोनमध्येच ठेवतात, तर त्यावर फिल्म कुठे चढवणार? बहीण घरी बसली. बसली म्हणजे नुसती खुर्चीत बसली. हात काही स्वस्थ बसेनात. घरातल्या प्रत्येक बरणीवरचं लेबल तिने नखाने सोलून काढलं, तेही एका तुकड्यात, न फाटता. सून मोठी फटकळ आणि मायाळू. ती म्हणायची, "आई, बरण्या संपल्या. आता फ्रिजवरचं स्टिकर तेवढं उरलंय. पण ते वॉरंटीचं आहे हं, त्याला हात लावायचा नाही." बहीण हसायची. पण एक दिवस माझ्याकडे येऊन खिडकीशी उभी राहिली आणि पाठमोरी राहूनच म्हणाली, "दादा, सकाळी उठल्यावर कुठे जायचंच नसलं की फार लवकर दुपार होते रे."  मी चहा टाकला.

अशात भाच्याने मला त्याचा जुना लॅपटॉप दिला. "मामा, आता पत्रं स्वतःची लिहा," म्हणाला. मशीन उत्तम. पण त्याची स्क्रीन इतकी चकचकीत की दाढी करायला आरसा नको. माझं टेबल असं की पाठीमागे खिडकी. उघडलं की आधी माझं तोंड, मग खिडकी, मग समोरच्या गॅलरीत वाळत घातलेल्या चादरी, आणि या सगळ्याच्या मागे कुठेतरी अक्षरं. मी लॅपटॉप डावीकडे वळवायचा, उजवीकडे वळवायचा, मान वाकडी करायचा. बहिणीने हे दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अरे, तू टाइप करतोयस की व्यायाम? त्याला मॅट लाव."

"लॅपटॉपला मॅट असतं?"

"फोटोला असतं तर लॅपटॉपला का नसेल? चल."

चौकापलीकडे लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. दुरुस्तीवाला चाळिशीचा, डोक्यावर भिंग अडकवलेला, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्याने लॅपटॉप ठेवून घेतला आणि संध्याकाळी या म्हणाला. संध्याकाळी गेलो तर स्क्रीनवर खरंच मॅट फिल्म लागली होती. खिडकी गेली, चादरी गेल्या, माझं तोंड गेलं. मला तर इतका आनंद झाला की मी आभार मानायला सुरुवातही केली. तेवढ्यात बहिणीने लॅपटॉप उचलून तिरका धरला आणि डोळा बारीक केला.

"हे काय? याला देवी आल्यात का?"

"काय आल्यात?" दुरुस्तीवाला म्हणाला.

"फोड! हा एक, हा दोन, हे कोपऱ्यातलं अख्खं कुटुंब. फिल्मखाली हवा राहिलीय. आणि हा धुळीचा कण बघा, केवढा! त्याला नाव ठेवा एखादं."

माझे कान तापले. मी हळूच तिची बाही ओढली, पण बाई ऐकते कुठली.

"काकू," दुरुस्तीवाला दात आवळून म्हणाला, "रस्त्याला लागून दुकान आहे. धूळ येते. एवढं तर राहणारच."

"का राहणार? त्रेचाळीस वर्षांत माझं एकदाही नाही राहिलं."

"मग तुम्हीच का नाही लावत?"

"लावते," बहीण म्हणाली.

 दुरुस्तीवाल्याने भिंग कपाळावर सरकवलं. त्याने तिच्याकडे, मग तिच्या त्या अंगठ्याकडे बघितलं. मग म्हणाला की त्याच्याकडे वाचनालयाचे बारा लॅपटॉप आले आहेत. वाचकांसाठी ठेवलेले, पण वाचनकक्षाला मोठ्या खिडक्या, आणि स्क्रीन सगळ्या चकचकीत. लोकांना काही दिसत नाही. ग्रंथपाल बाई वैतागल्या आहेत. शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर सगळी मशीनं परत पाठवून देणार आहेत.

"बारा मशीनं, बारा फिल्म. तेरावी फिल्म नाही," तो म्हणाला. "लावून दाखवा. एकही फोड नको. जमलं तर माझ्या दुकानात एक टेबल रिकामंच आहे. मला सोल्डरिंग येतं, हे चिकटवाचिकटवीचं काम माझ्या हाताला नाही, हे मलाही कळतं."

टेबल! हा शब्द ऐकल्याबरोबर बहिणीची मान ताठ झाली. घरी येताना ती इतकी भराभर चालत होती की मला गाठता येईना. जिन्यात थांबून म्हणाली, "दादा, ऐकलंस? टेबल रिकामं आहे म्हणाला."

"ऐकलं."

"आणि तू बाही काय ओढत होतास?"

काम कुठे करायचं हे तिचं आधीच ठरलं होतं: माझ्या न्हाणीघरात. तिच्याकडच्या न्हाणीला खिडकी आहे, माझ्याकडच्या नाही. म्हणून वारा नाही, म्हणून धूळ नाही. शिवाय तिची स्टुडिओतली पद्धत अशी की आधी गरम पाण्याचा नळ सोडून खोलीत वाफ करायची, मग नळ बंद करून थोडं थांबायचं. वाफेबरोबर हवेतली सगळी धूळ खाली बसते. त्यानंतर आत जायचं, दार लावायचं आणि फिल्म चढवायची.

दुरुस्तीवाला गुरुवारी दुपारी गाडीतून बारा लॅपटॉप घेऊन आला. न्हाणीघर बघून तो दारातच थबकला. "काकू, लॅपटॉप आंघोळीला आणलेत का?"

"पाणी बंद झाल्यावरच आत येतील. बंद करून, कोरड्या फडक्यात गुंडाळून. तुमच्या दुकानापेक्षा सुखात राहतील."

तो मान हलवत गेला. जाताना मला हळूच म्हणाला, "काका, लक्ष ठेवा हो." काय लक्ष ठेवणार मी, कपाळ!

गुरुवारी तिने नुसती तयारी केली. बारा फिल्म टेबलावर मांडल्या. प्रत्येक फिल्मला दोन बाजूंना रंगीत पट्ट्या होत्या, कान बाहेर आल्यासारख्या, आणि त्यांवर आकडे. पाकिटात एक घडीचा कागदही होता. तो तिने उघडलासुद्धा नाही. "कागद वाचून फिल्म लावायची वेळ आली तर मी फ्रिजचं स्टिकरच सोलत बसेन," म्हणाली. आणि पट्टी ठेवून धारदार पात्याने तिने बाराही फिल्मांचे कान छाटून टाकले. सुनेने विचारलं, "आई, ते कशाला कापताय? धरायला असतील."

"धरायला माझं नख आहे. स्टुडिओत असलं बाहेर आलेलं काहीही आधी कापायचं, नाहीतर रुळाखाली सापडतं." कान कचऱ्याच्या डब्यात गेले, कागदही गेला.

शुक्रवारी सकाळी साडेसातला नळ सुटला. माझं काम एकच: दाराबाहेर उभं राहायचं, हाक आली की एक लॅपटॉप आत द्यायचा आणि झालेला बाहेर घेऊन, फडकं टाकून पलंगावर ठेवायचा. मी आंघोळ केली नव्हती, सून चहा द्यायला येऊन गेली, पाय दुखायला लागले, पण काय सांगू, लग्नघरात असल्यासारखं वाटत होतं! आतून तिचा आवाज यायचा. कधी ती फिल्मशी बोलायची, "ये, ये, सरळ ये, लाजू नकोस." कधी मशीनला दटावायची. रूळ फिरवल्याचा सुर्र आवाज यायचा, मग थोडी शांतता, आणि मग, "दादा, दुसरा!"

साडेअकराला बारावा बाहेर आला. त्याच्या मागोमाग ती आली, घामाघूम, चष्म्यावर वाफ, केस कपाळाला चिकटलेले. "एक फोड दाखव," म्हणाली. "एक दाखवलास तर नाव बदलेन."

तिने पलंगावरचा पहिला लॅपटॉप उचलला, फडकं काढलं आणि खिडकीपाशी नेऊन उघडला.

स्क्रीन चकचकत होती.

खिडकीचे गज, बाहेरचं आभाळ, दोरीवरचा माझा लेंगा, सगळं त्यात जसंच्या तसं. मधोमध बहिणीचा चेहरा. तिने दुसरा उघडला. चकचकीत. तिसरा, चौथा. फोड नावाला नाही, धुळीचा कण नाही, आणि बाराच्या बारा आरसे. न्हाणीघरातला दिवा मिणमिणता, चष्म्यावर वाफ. आत तिला काहीच कळलं नव्हतं.

"फिल्मच चुकीची दिली," ती म्हणाली. "मॅट म्हणून ग्लॉसी दिली. आणि मी आंधळी, हाताला लागल्यावर तरी कळायला नको होतं?"

सून खाली आली होती. तिने परिस्थिती बघितली आणि लगेच वकिली सुरू केली. "आई, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? फिल्म त्या माणसाने दिली. तीन वाजता येईल तेव्हा द्या त्याच्या हातात. चूक त्याची."

"फिल्म त्याची, पण हात माझे ना? उद्या वाचनालयात माणूस येऊन बसेल आणि त्याला पुन्हा खिडकीच दिसेल. त्याला काय सांगू, चूक कोणाची?"

"मग आता?"

"आता उतरवायच्या. सगळ्या. आहे तसं परत देते आणि सांगते, नाही जमलं."

ती 'नाही जमलं' म्हणाली तेव्हा आवाज अगदी बारीक झाला. मला वाटलं काहीतरी बोलावं. त्या टेबलाचं, तिच्या त्या लवकर होणाऱ्या दुपारचं. पण शब्द येईतो तिने पहिला लॅपटॉप मांडीवर घेतला, कोपरा उचकटला आणि अख्खी फिल्म एका हिसक्यात ओढून काढली. चुरगाळून गोळा केला आणि फेकला. तो माझ्या पायाशी आला.

मग दुसरा घेतला. यावेळी जरा सबुरीने, कदाचित स्क्रीनला ओरखडा पडेल म्हणून. तिने नख कोपऱ्यावर ठेवलं आणि हलकेच पुढे सरकवलं. आणि थांबली.

"दादा, गप्प."

"मी कुठे काय बोलतोय?"

"मग श्वास घेऊ नकोस." तिने डोळे मिटले. नख पुन्हा मागे नेलं, पुन्हा पुढे. "अरे... दोन लागतायत."

"काय दोन?"

"कडा! एका फिल्मला एकच कड लागायला हवी. इथे नखाला दोनदा अडकतंय. एक... आणि ही दुसरी. वर काहीतरी आहे."

सून खाली वाकली, मीही वाकलो, तिघांची डोकी एकमेकांवर आपटली. बहिणीने नखाचं टोक त्या वरच्या कडेखाली घातलं. केसाएवढी फट पडली. मग चिमटीत धरून तिने ओढलं, सावकाश, अगदी सावकाश. आणि स्क्रीनवरून एक अतिशय पातळ, काचेसारखा पापुद्रा उलगडत आला. जिथून तो निघत होता तिथे आभाळ विझत गेलं! गज विझले, लेंगा विझला, तिचा स्वतःचा चेहरा हनुवटीपासून वर वर पुसत गेला. खाली राहिली ती मऊ, मंद, मॅट फिल्म. गुळगुळीत. एक फोड नाही.

"मॅट!" मी ओरडलो. मी! शेजारच्यांनी दार उघडून बघितलं म्हणे.

"मॅट आहे! खाली मॅट आहे!" बहीण पलंगावरून उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. सून धावत जाऊन कचऱ्याच्या डब्यातून तो घडीचा कागद काढून घेऊन आली आणि मोठ्याने वाचायला लागली. "फिल्म चिकटवून झाल्यावर, दोन क्रमांकाचा कान धरून वरचा संरक्षक थर काढून टाकावा. आई, अहो, इथे चित्रसुद्धा काढलंय!"

"आता वाचतेस होय?"

"तुम्ही वाचू दिलंत कुठे!"

फोटोच्या फिल्मला मागे एकच कागद असतो. तो काढला की काम संपलं. त्रेचाळीस वर्षं तिने एकच थर काढला होता. या फिल्मला वरूनही एक असेल हे तिच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. आणि ज्या कानांवरून ते कळलं असतं ते तिने स्वतःच्या हाताने छाटले होते. एरवी मी यावर चार दिवस हळहळत बसलो असतो. तिला वेळ नव्हता. एकेक लॅपटॉप मांडीवर, नख, चिमटी, सर्र. मी मोजत होतो. अकरावा झाला तेव्हा ती थांबली. बारावा म्हणजे तो पहिला, ज्याची फिल्म गोळा होऊन माझ्या पायाशी पडली होती. सुनेने तो गोळा उलगडून बघितला. कशालाच उपयोगी नव्हता.

"अकरा," बहीण म्हणाली. "बारा सांगितल्या होत्या."

तीन वाजता दुरुस्तीवाला आला. तो दारात चपला काढतोय तोच ही म्हणाली, "आधीच सांगते. अकरा झाल्या. एक माझ्याच हाताने फाडली." आणि सगळी हकिगत सांगितली, कान, कागद, सगळं. मला वाटलं, निदान बसू तरी द्यायचं त्याला. त्याने लॅपटॉप गाडीत भरले आणि म्हणाला, "चला दोघंही. ग्रंथपाल बाईंपुढे काय होतं ते बघू."

वाचनालयाचा वाचनकक्ष मी पहिल्यांदाच नीट बघितला. छताला टेकणाऱ्या सहा खिडक्या, त्यांतून चार वाजताचा उजेड थेट लांब टेबलावर. ग्रंथपाल बाई उंच, कडक, गळ्यात चाव्या. त्यांनी अकरा मशीनं टेबलावर ओळीने उघडायला लावली, चालू केली आणि टॉर्च घेऊन प्रत्येक स्क्रीनवर तिरका प्रकाश टाकत निघाल्या. बहीण माझ्या शेजारी उभी होती. तिने माझं मनगट धरलं होतं आणि ते नख माझ्या कातडीत रुतत होतं, पण मी हूं केलं नाही. पहिली. दुसरी. पाचवीपाशी बाई थांबल्या, वाकल्या. तिथे काहीतरी होतं. त्यांनी बोटाने पुसलं. वरच पडलेलं केसाचं तूस होतं.

अकरावीनंतर त्यांनी टॉर्च बंद केला. "बसा हो कोणीतरी," त्या म्हणाल्या.

रोज वर्तमानपत्र वाचायला येणारे एक गृहस्थ होते, माझ्याहूनही म्हातारे. ते बसले. नाक स्क्रीनला लावलं, मग मागे सरकले, मग मोठ्याने म्हणाले, "अहो, अक्षरं आहेत यात! इतके दिवस मी माझं टक्कलच वाचत होतो."

सगळे हसले. वाचनकक्षात हसायचं नसतं अशी पाटी होती, तिच्याखाली ग्रंथपाल बाईही हसल्या.

"आणि बारावी?" त्यांनी विचारलं.

दुरुस्तीवाला काही बोलणार, त्याआधी बहीण पुढे झाली. तिने तो उघडा चकचकीत लॅपटॉप उचलला, कक्षभर नजर फिरवली आणि दोन उंच कपाटांच्या मधल्या कोपऱ्यात गेली. तिथे खिडकीचा उजेड पोहोचत नव्हता. छोट्या टेबलावर मशीन ठेवून तिने मला म्हटलं, "दादा, काहीतरी रंगीत लाव." मी माशांची चित्रं उघडली. काय रंग उठले! निळा असा की हात बुडवावा. मॅट स्क्रीनवर तेच मासे मी नंतर बघितले, ते जरा उपाशी वाटले.

"वाचायला मॅट," बहीण म्हणाली, "आणि बघायला चकचक. फक्त ती खिडकीकडे तोंड करून बसवायची नाही."

ग्रंथपाल बाई त्या कोपऱ्यात येऊन स्क्रीनवर वाकल्या. मग म्हणाल्या, "नकाशे बघायला येणारे नेहमी तक्रार करतात. हे इथेच असू दे."

दुरुस्तीवाला पुटपुटला, "म्हणजे फाडून वर शहाणपणा!" पण मशीन त्याने हलवलं नाही.

बाहेर आलो. वाचनालयाच्या पायऱ्यांवर तो थांबला. बहीणही थांबली. टेबलाचा विषय कोणी काढत नव्हतं. शेवटी तोच म्हणाला, "काकू, तुमच्या हाताला नाव ठेवायला जागा नाही. असं काम मी बघितलेलं नाही. पण एक सांगा. स्क्रीन चमकतायत हे दिसल्यावर मला फोन का नाही केलात? एका वाक्याचं काम होतं. वरचा थर काढा, एवढंच सांगितलं असतं मी."

बहीण खाली बघायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला असं बघितलं नव्हतं.

"सुचलंच नाही," ती म्हणाली. "मागच्या खोलीत मी एकटीच असायची. अडलं तर विचारणार कोणाला? मालकसुद्धा मलाच विचारायचे. विचारायची सवयच नाही मला."

"माझ्याकडे रोज नवं काहीतरी येतं. मलाही रोज अडतं. मी दिवसातून दहा जणांना फोन करतो. न विचारणाऱ्या माणसाचा हात कितीही चांगला असला तरी एक दिवस तो मशीन घालवणार. अशा माणसाला मी टेबलावर कसं बसवू?"

झालं, मला वाटलं. गेलं टेबल. मी घसा खाकरला. तिच्या बाजूने निदान एक वाक्य तरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं, पण ती माझ्या आधी बोलली.

"मग आत्ता विचारू का?"

"काय?"

"सोमवारी किती वाजता यायचं?"

 मग त्याच्या ओठांचा एक कोपरा हलला. "साडेनऊ," तो म्हणाला.

"टेबल खिडकीजवळ आहे का?"

"आहे. म्हणजे सरकवता येईल."

"रस्त्याकडून धूळ येते त्याचं काय? प्लास्टिकचा पडदा लावला तर चालेल? आणि बोटाने चालणारी स्क्रीन असते तिला हीच फिल्म चालते की वेगळी? लॅपटॉपच्या झाकणाला मॅट लावतात का? ते बोटांचे ठसे पडतात ना, त्याला? आणि तुम्ही लावता तेव्हा कोपऱ्यातच फोड का राहतात, रूळ कुठून सुरू करता तुम्ही?"

"काकू, काकू, उरलेलं सोमवारी!"

"सोमवारी सोमवारचं विचारीन. हे आजचं आहे."

दुरुस्तीवाला पायरीवर बसला. डोक्यावरचं भिंग काढून त्याने बाजूला ठेवलं. "रूळ मी मधून सुरू करतो," तो म्हणाला.

"मधून?" बहीण त्याच्या शेजारी बसली. "अरे देवा. दादा, तूही बस, याला वेळ लागणार आहे."